पायाबाहेर पडलेला लंब

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त त्रिकोणाचं एक उदाहरण आहे. एक बाजू १०, दुसरी १७, पाया ९. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला की पायाचे दोन भाग होतात, त्यांना तिथे आबाधा म्हटलं आहे. आबाधा किती, लंब किती, क्षेत्रफळ किती, एवढंच विचारलं आहे. रीत आधी सांगून झालेली आहे. दोन बाजूंची बेरीज २७, वजाबाकी ७, त्यांचा गुणाकार १८९, आणि त्याला ९ने भागलं की २१. हे २१ पायातून वजा करायचे आणि उरतील त्यांचं निम्मं घ्यायचं. पण पाया तर ९च आहे. नवातून एकवीस कसे जाणार?

भास्कराचार्य उलटी वजाबाकी करतात. एकविसातून नऊ गेले, बारा उरले, त्यांचे निम्मे सहा. मग ते सांगतात की ही आबाधा ऋण आहे, म्हणजे ती विरुद्ध दिशेला आहे. दुसरी आबाधा १५, लंब ८, क्षेत्रफळ ३६. एवढ्यात उदाहरण संपतं.

ऋण म्हणजे विरुद्ध दिशेला. हा खुलासा इतक्या सहज येतो की वाचणारा पुढे निघून जातो. मी मात्र दरवर्षी तिथे रेंगाळते. सहावीत पूर्णांक संख्यांची ओळख आणि बेरीज-वजाबाकी, सातवीत गुणाकार-भागाकार, असा आपला अभ्यासक्रम आहे. या दोन वर्षांत आम्ही शिक्षक संख्यारेषा काढतो, तापमापी काढतो, जमाखर्च मांडतो. ज्या गोष्टीसाठी ही सगळी खटपट चालते ती भास्कराचार्यांनी एका त्रिकोणाच्या कडेला सांगून ठेवली आहे.

सातवीच्या मुलांना तिन्ही बाजू दिल्या की कंपासने त्रिकोण काढता येतो. म्हणून हे उदाहरण मी आधी काढायला देते, सोडवायला नंतर. वहीत मावावं म्हणून मापं निम्मी घ्यायची: पाया साडेचार सेंटिमीटर, डावीकडून पाचाचा कंस, उजवीकडून साडेआठाचा. कंस एकमेकांना छेदतात ते पायाच्या डोक्यावर नाही, डावीकडे पार बाहेर. त्रिकोण विशालकोन होतो, एका बाजूला कललेला. गुण्या लावून लंब टाकायला गेलं की पायाची रेघ संपलेली असते, ती पट्टीने डावीकडे वाढवावी लागते. “मॅडम, हा लंब तं बाहेरच चालला,” असं कोणीतरी म्हणतंच. मग मोजमाप होतं, आणि निम्मी घेतलेली मापं पुन्हा दुप्पट केली जातात. लंबाच्या पायथ्यापासून पायाच्या डाव्या टोकापर्यंत ६, उजव्या टोकापर्यंत १५. यावर एका मुलीने घेतलेली हरकत अगदी मुद्द्याची होती: “पंधरा आन् सहा एकवीस झाले. पाया तं नऊचाच आहे.”

तिच्या हरकतीतच उदाहरणाचं मर्म आहे. लंब जेव्हा त्रिकोणाच्या आत पडतो तेव्हा दोन आबाधांची बेरीज पायाएवढी असते, आणि भागाकाराने येणारी संख्या ही त्यांची वजाबाकी असते. बेरीज आणि वजाबाकी कळली की दोन्ही संख्या कळतात, रीत उभी आहे ती यावर. इथे ६ नुसतेच घेतले तर बेरीज २१ येते आणि वजाबाकी ९. म्हणजे दोघींनी जागा बदलल्या, रीत मोडली. आता ६च्या जागी −६ घेऊन बघा. १५ आणि −६ यांची बेरीज ९, म्हणजे पाया. १५मधून −६ वजा केले तर २१, म्हणजे भागाकार. सगळं पुन्हा जागच्या जागी. आत पडणाऱ्या लंबासाठी एक रीत आणि बाहेर पडणाऱ्यासाठी दुसरी, असं करावं लागलं नाही. ऋण संख्या गणितात कशासाठी हव्यात याचं इतकं नेटकं उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही. ऋण चिन्ह स्वीकारलं म्हणून एकच नियम दोन्ही त्रिकोणांना पुरला.

‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे दोन्ही ‘सिद्धांतशिरोमणी’चे भाग. भास्कराचार्यांचा जन्म १११४चा, ग्रंथ पुरा झाला ११५०मध्ये, त्यांच्या छत्तिसाव्या वर्षी. त्यांचे नातू चंगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्याचा १२०७चा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. त्रिकोणातला तो खुलासा ‘लीलावती’त ओझरता येतो. त्याच्यामागची शिस्त बघायची तर ‘बीजगणित’ उघडायला हवं, कारण त्या ग्रंथाची सुरुवातच धन आणि ऋण यांच्या सहा क्रियांनी होते: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ. शून्याच्या क्रिया त्यानंतर, अव्यक्ताच्या त्याहून पुढे.

या प्रकरणातले आकडे आधी बघावेत. बेरजेच्या उदाहरणात ३ आणि ४. वजाबाकीत ३ आणि २. गुणाकारात २ आणि ३. भागाकारात ८ आणि ४. वर्गासाठी ३, मुळासाठी ९. ग्रहगणितात प्रचंड संख्या लीलया हाताळणारा हा माणूस इथे दोन हातांच्या बोटांवर मावतील असे आकडे निवडतो. लक्ष आकड्याकडे जाऊ नये, चिन्हाकडे जावं, ही दक्षता त्यामागे आहे. आमच्या स्वाध्यायांत पुष्कळदा −४७ आणि ३८ यांची बेरीज पहिल्याच पानावर येते. मग चूक चिन्हात झाली की हातच्यात, हे मुलाला कळत नाही आणि वही तपासणाऱ्यालाही कळत नाही. भास्कराचार्य एकाच जोडीचे आलटून-पालटून प्रकार करतात: दोन्ही धन, दोन्ही ऋण, पहिला धन आणि दुसरा ऋण, पहिला ऋण आणि दुसरा धन. आकडे तेच राहतात आणि फक्त चिन्ह फिरतं. प्रश्नही हुकमी आवाजात विचारलेले नाहीत. लवकर सांग बघू, असा लाडिक तगादा आहे, आणि वर्गाच्या उदाहरणात तर मित्र म्हणून साद घातली आहे.

‘बीजगणिता’त ऋण संख्या लिहायची खूण म्हणजे आकड्याच्या डोक्यावर एक टिंब. चिनी गणितज्ञ ल्यू हुई यांनी तिसऱ्या शतकात मोजणीच्या काड्यांना रंग नेमून दिले होते, धनासाठी लाल आणि ऋणासाठी काळा. टिंब काय, रंग काय, ही खूण आकड्याच्या अंगावरच आहे. आपली आडवी रेघ मात्र दुहेरी कामाची आहे. ती संख्येचं चिन्हही दाखवते आणि वजाबाकीची क्रियाही. “तीन वजा उणे चार” लिहिलं की मुलापुढे दोन सारख्या रेघा येतात, आणि कोणती रेघ काय सांगते हे त्याला स्वतःशी ठरवावं लागतं. सहावीत पहिले काही दिवस ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायला लावलं तर हा घोळ होत नाही. मी तसं करते. टिंब सुटून रेघ यायला फार वेळ लागत नाही.

बेरजेचा नियम असा: दोन धन असोत की दोन ऋण, सारख्या चिन्हांचे आकडे मिळवावेत, भिन्न चिन्हांचे असतील तर त्यांतलं अंतर हीच त्यांची बेरीज. पहिलं उदाहरण काय आहे बघा. तीन आणि चार, दोन्ही ऋण असताना बेरीज सांग. उत्तर −७. सातवीच्या अर्ध्या वर्गाची चूक नेमकी इथे होते. “मायनस मायनस प्लस” हे पाठ झालेलं असतं, ते गुणाकाराचं आहे हे विसरलेलं असतं, आणि −३−४ची बेरीज बिनदिक्कत +७ येते. ‘बीजगणिता’त गुणाकार अजून आलेलाच नाही. दोन ऋणांचं ऋणच होतं, हे आधी अंगवळणी पाडलं आहे. नियमांचा हा क्रम सहज पडलेला नाही, असं माझं ठाम मत आहे.

वजाबाकीचा नियम तर मला या प्रकरणातला सर्वांत देखणा वाटतो. वजा करायची संख्या धन असेल तर ती ऋण होते, ऋण असेल तर धन होते, आणि पुढे आधी सांगितली तशी बेरीज. म्हणजे वजाबाकीला स्वतःचे नियमच दिलेले नाहीत. चिन्ह उलटवून तिला बेरजेच्या घरी पाठवून दिलं आहे. वर्गात हेच “चिन्ह बदला आणि मिळवा” म्हणून शिकवलं जातं, पण तेव्हा ती एक युक्ती वाटते. असं का करायचं हे पोरांना दाखवायचं असेल तर नागपूरच्या शिक्षकाला लांब जायला नको.

विधानभवनाजवळ झिरो माईलचा दगड आहे. वालुकाश्माचा खांब, शेजारी चार घोडे, आणि त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची १९०७ची उंचीची खूण. देशाचा मध्यबिंदू म्हणून त्याची ख्याती आहे, पण माझ्या दृष्टीने त्याचं मोल तिथून अंतरं मोजली गेली यात आहे. दगडावर गावांची नावं आणि मैल कोरले आहेत. त्यांत जबलपूर १७० मैल आणि हैदराबाद ३१८ मैल. मुलांना मी विचारते, या आकड्यांत काय नाही? चिन्ह नाही. जबलपूर उत्तरेला आणि हैदराबाद दक्षिणेला, हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे असं धरून चाललं आहे. उत्तर दिशा धन मानली तर जबलपूर +१७० आणि हैदराबाद −३१८. आता हैदराबादहून नागपूरमार्गे जबलपूर किती लांब? वजाबाकी मांडा: १७० वजा −३१८. कोणतंही पोर रस्ता डोळ्यांपुढे आणतं आणि ४८८ सांगतं, कारण आधी नागपूरपर्यंत यायचं आणि मग पुढे जायचं. उत्तर आधी मिळतं, नियम मागाहून पटतो. ऋण वजा केलं की ते धन होऊन मिळवलं जातं, हे त्यांनी पायाखालच्या रस्त्यावर पाहिलेलं असतं.

गुणाकाराच्या नियमापाशी मात्र मूळ ग्रंथ गप्प राहतो. दोन धनांचा किंवा दोन ऋणांचा गुणाकार धन, एक धन आणि एक ऋण असेल तर ऋण, भागाकारातही तसंच. कारण दिलेलं नाही. ते शोधायचं तर टीकाकारांकडे जावं लागतं, आणि त्यांतला सर्वांत मोठा टीकाकार मूळ आपल्या विदर्भातला निघतो याचा मला मनापासून आनंद आहे. कृष्ण दैवज्ञ यांचं घराणं पयोष्णीकाठच्या दधिग्रामचं. ती पयोष्णी म्हणजे आजची पूर्णा, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. वडील बल्लाळ काशीला गेले. मुलगा तिथे वाढला आणि पुढे जहांगीर बादशहाचा आश्रय त्याला मिळाला. १६००च्या सुमाराला त्यांनी ‘बीजगणिता’वर ‘बीजपल्लव’ नावाची टीका लिहिली. नियमामागची उपपत्ती सांगणं हा तिचा बाणा आहे.

ऋणत्व म्हणजे काय, या प्रश्नाला कृष्ण दैवज्ञ थेट हात घालतात. ते तीन प्रकारांनी येतं, असं त्यांचं म्हणणं: देशाने, काळाने आणि वस्तूने. देश म्हणजे जागा. पूर्वेकडे जाणं धन धरलं तर पश्चिमेकडे जाणं ऋण. काळाचं तेच, पुढचे दिवस एका चिन्हाचे तर गेलेले दुसऱ्या. वस्तूच्या बाबतीत जवळची संपत्ती धन, देणं ऋण. आणि तिन्हींतलं समान सूत्र एकच, वैपरीत्य. एक बाजू धन मानली की तिच्या उलट ते ऋण. आबाधेचं उदाहरणही ते इथे ध्यानात घेतात. ‘लीलावती’त जे एका त्रिकोणापुरतं सांगितलं होतं त्याची या टीकेत व्याख्या झाली.

या तीन प्रकारांत देणं तिसरं आहे, हे लक्षात ठेवायला हवं. ब्रह्मगुप्ताने ६२८मध्ये धन, ऋण आणि शून्य यांचे नियम सांगितले तेव्हापासून संपत्ती आणि कर्ज ही जोडी या विषयाला चिकटली, आणि आमचे वर्गही तिथूनच सुरुवात करतात. बेरजेला ती चालते. वजाबाकीलाही चालते. कर्ज वजा होणं म्हणजे हाती येणं, हे विदर्भातल्या शेतकऱ्याच्या लेकराला कर्जमाफीच्या बातम्यांतून कळतं. पण कर्जाला कर्जाने गुणायचं म्हणजे काय करायचं? त्याला काहीच अर्थ नाही. शिवाय मला आणखी एक वाटतं. ज्याच्या घरी कर्जाचा विषय निघाला की आवाज खाली येतात, त्या मुलापुढे ऋण संख्येचं पहिलं उदाहरण म्हणून कर्ज ठेवू नये. त्याला ती संख्या वाईट वाटायला लागते, आणि गणितात कोणतीच संख्या वाईट नसते. आधी दिशा दाखवावी. जमाखर्च पुढे येऊ द्यावा.

आता देश आणि काळ हे दोन प्रकार एकमेकांना गुणून बघू. कृष्ण दैवज्ञांनी असं केलं आहे असा माझा दावा नाही. त्यांच्या वर्गीकरणाने मला ही वाट सुचली. नागपूर स्टेशन हे शून्य. दिल्लीच्या बाजूचं अंतर धन, बल्लारशाहच्या बाजूचं ऋण. या क्षणानंतरचे तास धन, आधीचे ऋण. एक गाडी दिल्लीकडून बल्लारशाहकडे ताशी ६० किलोमीटरने चालली आहे, न थांबता, आणि आत्ता ती नागपुरात आहे. तिचा वेग झाला −६०. एका तासाने ती कुठे असेल? −६० गुणिले १, म्हणजे −६०, सेवाग्राम यायच्या आधी. तासाभरापूर्वी कुठे होती? −६० गुणिले −१. काटोलच्या आसपास, दिल्लीच्या बाजूला साठ किलोमीटरवर. म्हणजे +६०. उलट्या दिशेला जाणारी गाडी उलट्या काळात पाहिली की ती सुलट बाजूला सापडते. वर्गातल्या कोणत्याही मुलाला विचारा, गाडी आधी काटोलकडे होती हे सांगायला त्याला नियम लागत नाही.

कोणी म्हणेल, ही समजूत झाली, सिद्धता नव्हे. खरं आहे, पण सिद्धताही सातवीला झेपण्याजोगी आहे. २ आणि −२ यांची बेरीज शून्य. तिला −३ने गुणलं तर शून्यच यायला हवं. तुकड्यातुकड्याने गुणलं तर पहिला तुकडा −३ गुणिले २, म्हणजे −६. शून्य व्हायचं तर दुसऱ्या तुकड्याला, −३ गुणिले −२ला, +६ होण्यावाचून गत्यंतर नाही. धन संख्यांना लागू असलेला वितरणाचा नियम ऋण संख्यांनाही लागू राहावा, एवढी एकच अट आपण घातली. त्रिकोणातही हेच होतं: रीत मोडू नये म्हणून सहाला चिन्ह आलं.

पण उलट म्हणायचं तर कोणत्या जागेपासून उलट, हे आधी ठरवावं लागतं, आणि शाळेत हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. पाठ्यपुस्तकांचं लाडकं उदाहरण तापमानाचं, काश्मीर-शिमल्याचं. नागपूरच्या मुलाला ते परकं आहे. इथे मे २०१३मध्ये पारा ४७.९वर गेला होता आणि डिसेंबर २०१८मध्ये ३.५पर्यंत उतरला होता. या शहरात सेल्सिअसचं शून्य कोणाच्या अंगाला लागलेलं नाही. तापमापीवरची ऋण बाजू आमच्या मुलांसाठी नुसतं चित्र आहे. त्यापेक्षा शून्य हलवून बघावं. आजचं तापमान शून्य धरा आणि आठवडाभर रोज त्याहून किती वर, किती खाली ते लिहा. मग डिसेंबरातही ऋण येतं, मे महिन्यातही येतं, आणि उन्हाळ्यातलं −४ किती सुखाचं असतं ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

झिरो माईलचा दगड इथेही कामाला येतो. तिथल्या खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट नोंदलेली आहे, म्हणजे जवळजवळ ३११ मीटर. रस्ते मोजायला जे ठिकाण शून्य, तेच उंची मोजताना ३११. दगड तोच आहे, फक्त मोजण्याची सुरुवात बदलली. जिल्ह्यात सावनेर, सिल्लेवाडाकडे भूमिगत कोळसाखाणी आहेत, वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपुरातच आहे, आणि वर्गात खाणकामगारांची मुलं असतात. जमीन ३०० मीटर उंचीवर आणि खाणीतली वाट दीडशे मीटर खोल धरली, तर जमिनीपासून मोजताना बाबा −१५० वर काम करतात, आणि समुद्रापासून मोजताना +१५० वर. एका मुलाला हे खरंच वाटेना. खाणीच्या तळाशी गेलेला माणूस मुंबईच्या चौपाटीवर उभ्या असलेल्या माणसाच्या वर कसा असेल? त्याने फळ्यावर उभी रेघ काढली, दोन्ही शून्यं मांडली आणि स्वतःच पटवून घेतलं. कृष्ण दैवज्ञांचं वैपरीत्य त्याला त्या रेघेवर दिसलं.

राहिलं वर्गमूळ. धन नवाची मुळं दोन, ३ आणि −३. ऋण नवाला मूळ नाही, कारण तो कोणाचाच वर्ग नाही. या नियमाला मात्र मूळ ग्रंथातच कारण जोडलं आहे, आणि सगळे नियम शिकलेल्या मुलाला ते तिथल्या तिथे पडताळता येतं. कोणत्याही पूर्णांकाला त्यानेच गुणून ऋण आणून दाखव, म्हटलं की झालं.

पुढे वर्गसमीकरणांत दोन मुळांचा हा नियम माकडांच्या कळपावर येऊन ठेपतो. एक उदाहरण असं: कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग रानात खेळतोय आणि बारा माकडं टेकडीवर आहेत. उत्तरं दोन, ४८ आणि १६, आणि भास्कराचार्य दोन्ही मान्य करतात. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतंय. इथेही उत्तरं दोन, ५० आणि ५. पण पाच ते सोडून देतात. कारण पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की ऋण येतं, आणि ऋण असलेल्या व्यक्त संख्येवर लोकांची प्रतीती बसत नाही. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस मासेरेस यांनी १७५८मध्ये ऋण संख्या बीजगणितातूनच बाहेर काढाव्यात असा आग्रह पुस्तक लिहून धरला. भास्कराचार्य त्यांच्या सहाशे वर्षं आधी याहून बारीक विचार करतात. ऋण संख्या त्यांना हवी आहे, तिचे सहाही नियम त्यांनी दिले आहेत, त्रिकोणात ती स्वीकारली आहे. माकडांच्या बाबतीत मात्र ते तिला नाकारतात, कारण रेघेला विरुद्ध दिशा असते आणि कळपाला नसते.

हे उदाहरण सोडवणं शाळकरी मुलांच्या आवाक्याबाहेरचं आहे, पडताळणं मात्र सातवीतही जमतं. पाच घालून बघितले की हिशोब चोख उतरतो: एकातून तीन गेले उणे दोन, त्यांचा वर्ग चार, फांदीवरचं एक मिळून पाच. उणे दोनाचा वर्ग धन येतो, म्हणून गुहेतली माकडं चार, चांगली मोजता येण्यासारखी. तेव्हा पाच चूक कसं म्हणायचं, यावर वर्गात मोठा वाद होतो, आणि तो होऊ द्यावा. निम्मी मुलं उत्तर बरोबर आलं आहे या बाजूची असतात. दुसऱ्या बाजूच्या एका मुलाने मांडलेली तक्रार मी वहीत टिपून ठेवली आहे: “गुहेत चार गेले ते ठीक, पण त्याच्या आधी एकातून तीन काढले कोणी?” हाच आक्षेप भास्कराचार्यांचाही आहे. त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, आणि पन्नास घालून पुन्हा पडताळायला लावलं.